स्टेकहाऊसच्या टेबलाशी ताठ मानेने



आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आता शिकून परदेशी जात आहेत. कुणी स्कॉलरशिपवर, कुणी कंपनीच्या कामावर. तिथे गेल्यावर एक दिवस साहेब म्हणतो, आज रात्री सगळे स्टेकहाऊसला जेवू. मग घरी फोन येतो, "आई, तिथे कसे वागायचे?" एका भगिनीने हेच पत्राने विचारले आहे. तिचा मुलगा न्यूयॉर्कला आहे. पुढे ती लिहिते, "तिथे मोठ्याचे मटण असते म्हणतात. आमच्या सासूबाई करायच्या, पण चाळीत वास जाऊ नये म्हणून खिडकी लावून. मुलाला काय सांगू?"

आधी स्टेकहाऊस म्हणजे काय ते समजून घेऊ. स्टेक म्हणजे बैलवर्गीय जनावराच्या मांसाचा जाड काप, तापलेल्या जाळीवर किंवा भट्टीत भाजलेला. न्यूयॉर्कमध्ये अशी काही हॉटेले सव्वाशेहून अधिक वर्षांची आहेत. कीन्स १८८५ चे, ब्रुकलिनमधले पीटर लुगर १८८७ चे. पांढरे टेबलक्लॉथ, जड सुऱ्या आणि मंद दिवे. एका स्टेकला साठ-सत्तर डॉलर सहज पडतात, म्हणजे आपले पाच हजार रुपये आणि वर. बटाटा, पालक वेगळे मागवायचे, त्यांचे पैसेही वेगळे.

एवढे महाग का? जनावराच्या पाठीचा आणि कमरेचा भाग फार राबत नाही, म्हणून तो मऊ. पाय आणि मान राबतात, म्हणून तिथले मांस चिवट, ते तासन् तास शिजवावे लागते. मऊ भाग थोडाच निघतो आणि तोच स्टेकला लागतो. त्यातही ज्या मांसात चरबीच्या बारीक रेषा जास्त, त्याला तिथले सरकारी निरीक्षक 'प्राइम' असा वरचा दर्जा देतात. नामांकित हॉटेले हे मांस तीन-चार आठवडे थंड खोलीत उघडे टांगून किंवा फळीवर ठेवून मुरवतात. पाणी आटते, वजन घटते, वरची वाळलेली साल कापून टाकतात. आत उरते ते मऊ आणि चवदार. त्या घटीचे पैसेही गिऱ्हाईकच देते.

वेटर विचारेल, किती भाजू? 'रेअर' म्हणजे आत लाल, 'मीडियम' म्हणजे गुलाबी, 'वेल डन' म्हणजे पूर्ण भाजलेले. आपल्याकडे मांस हाडापासून सुटेपर्यंत शिजवण्याची रीत, त्यामुळे लाल पाणी पाहून जीव दचकतो. पण ते रक्त नसते, मांसातल्याच रंगद्रव्याचे पाणी असते. अखंड कापात जंतू मुख्यतः वरच्या बाजूला असतात आणि ते भाजताना मरतात. तरी तिथले सरकारी खाते आतून ६३ अंश सेल्सियसपर्यंत भाजून तीन मिनिटे ठेवा असेच सांगते. खिमा मात्र ७१ अंशांपर्यंत शिजलाच पाहिजे. गरोदर बाईने कच्चट मांस खाऊ नये. ज्याला जसे रुचेल तसे त्याने सांगावे. 'वेल डन' मागितले म्हणून कुणी गावंढळ ठरत नाही.

सुरी उजव्या हातात, काटा डाव्या हातात. एका वेळी एकच घास कापावा. पुष्कळ अमेरिकन कापून झाल्यावर काटा उजव्या हातात घेतात, तेही चालते. कपडे स्वच्छ, इस्त्रीचे, बस्स. उरलेले बांधून मागावे, तिथे मोठे साहेबही मागतात. मोठे मांस नको असेल तर मासळी आणि कोंबडी असतेच. खावे की न खावे हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न. 'नको' म्हणायला कारण द्यावे लागत नाही.

आता त्या खिडकीविषयी. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून बजावले. ते स्वाभिमानासाठी होते. दुसऱ्याने फेकलेले उचलून खायचे नाही, हा त्यातला अर्थ. पुढे १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेचे मूळ गोमांसाशी जोडलेल्या तिरस्कारात शोधले. ज्या अन्नापायी आपल्या आजोबांना गावकुसाबाहेर बसवले, तेच अन्न जगातले श्रीमंत लोक पांढऱ्या टेबलक्लॉथवर, महिनाभर आधी टेबल राखून खातात. तेव्हा विटाळ मांसात नव्हता, तो पाहणाऱ्याच्या मनात होता. आपल्या बायाबापड्यांनी चिवट तुकडे मऊ केले, उरलेल्या मांसाच्या चान्या वाळवून पावसाळ्याची बेगमी केली. ही कला आहे. शाहू पाटोळे यांनी २०१५ च्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातले हे सारे पदार्थ नोंदवून ठेवले आहेत. मुलांना ते जरूर वाचायला द्यावे.

कायदाही माहीत असू द्या. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी आली, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस-रेडा त्यात नाहीत, म्हणून मुंबईतल्या हॉटेलात स्टेक म्हणून मिळतो तो बहुधा म्हशीचा किंवा रेड्याचा. न्यूयॉर्कमध्ये अशी बंदी नाही. मुलाने तिथे जे खाल्ले ते घरी चोरून सांगण्याची गरज नाही आणि नाही खाल्ले तर ओशाळण्याचीही नाही. आईने एवढेच सांगावे.

शेवटची गोष्ट, आपल्यासारख्या कष्टकऱ्यांनी विसरू नये अशी. बिलावर टिप ठेवायची असते, साधारण १८ ते २० टक्के. ती खैरात नव्हे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराचे किमान मूळ वेतन तासाला अवघे २.१३ डॉलर आहे आणि १९९१ पासून ते वाढलेले नाही. न्यूयॉर्क राज्यात दर जास्त आहे, पण तिथल्याही वेटरचे घर टिपवरच चालते. पैसे साहेब देणार असतील तर टिपही तेच देतील. आपल्या मुलाने ताट उचलणाऱ्याच्या डोळ्यांत पाहून "थँक यू" म्हणावे. त्या टेबलावरचे सर्वांत मोठे वळण तेच आहे आणि ते त्याने आपल्या घरातच शिकलेले असते.