दुकानाने पांघरलेले चीवर

विक्रीच्या दालनाला ध्यानमंदिराचे रूप द्यावे, ही कल्पना वास्तुरचनाकारांच्या वर्तुळात अलीकडे चांगलीच रुजली आहे. अशा शोरूमचा नकाशा व्हिएतनामशी निगडित असला की त्याला 'बौद्ध आणि व्हिएतनामी परंपरेची प्रेरणा' असे भारदस्त नाव मिळते. मंद उजेड, चुन्याच्या खडबडीत भिंती, बांबूची जाळी, दगडी कुंडात ठिबकणारे पाणी, मध्यभागी मुद्दाम राखलेली रिकामी जागा आणि तिच्या पलीकडे फळीवर एकच फुलदाणी. किमतीची चिठ्ठी शोधूनही सापडत नाही. गिऱ्हाइकाने पादत्राणे काढावीत, बैठकीवर घटकाभर बसावे, चित्त स्थिर करावे आणि मग खरेदी करावी, असा हा बेत. झगमगाटी दुकानांपेक्षा हे डोळ्यांना सुखावते, एवढे मान्य करून टाकू. आमचा वाद सौंदर्याशी नाही. ज्या परंपरेची साक्ष काढली जाते तिच्याशी चाललेल्या लबाडीशी आहे.

व्हिएतनाममधील अनेक विहारांपुढे तीन दारांची वेस असते. तिला 'ताम क्वान' म्हणतात. तिचे अर्थ अनेक सांगितले जातात. त्यांतला एक असा की ही मुक्तीची तीन द्वारे आहेत : शून्यता, अनिमित्त आणि अप्रणिहित. अप्रणिहित म्हणजे कशाचीही अभिलाषा न धरणे. आता दुकानाला ही वेस बांधणाऱ्याने तिसऱ्या दाराचे काय करायचे ठरवले आहे? अभिलाषा गळून पडलेला माणूस खरोखरच आत आला, तर तो फुलदाणीकडे पाहील, हात जोडील आणि रिकाम्या हाताने परत जाईल. मालकाला हे परवडणारे नाही, आणि रचनाकाराला मानधन मिळते तेही यासाठी नव्हे. गिऱ्हाइकाने अधिक रेंगाळावे आणि भाव विचारण्याची त्याला लाज वाटावी, एवढेच या शांततेचे काम आहे.

यावर उत्तर तयार असेल : धर्म आणि बाजार यांची गाठ तिकडे जुनीच आहे. आहेच! सतराव्या शतकात उत्तर व्हिएतनामात विहारांच्या जागेवर बाजार भरत, त्यांचे उत्पन्न विहाराला जाई आणि त्या बाजारांना त्रिरत्नांचेच नाव असे. पण तो बाजार स्वतःला बाजार म्हणवीत होता. तेथे आरडाओरडा होता, घासाघीस होती. आजही तेथल्या साध्या दुकानात दाराकडे तोंड करून जमिनीलगत एक लहानसा देव्हारा असतो. त्यात धनदेव थान ताय आणि भूमिदेव ओंग दिया शेजारी शेजारी बसलेले. त्यांच्यापुढे फळे, पाणी, उदबत्ती ठेवून दुकानदार उघडपणे मागणे मागतो : धंदा होऊ दे. होई आनच्या जुन्या व्यापारी घरांत रस्त्याकडे दुकान, मध्ये आकाशाकडे उघडा चौक, मागे घर आणि घरात पूर्वजांचा देव्हारा, अशी मांडणी आहे. व्हिएतनामी दुकानाची खरी परंपरा पाहायची तर ही पाहावी. नव्या शोरूमने तिच्यातला चौक तेवढा उचलला आणि धनदेवाला हाकलून दिले. कारण तो बिचारा खरे बोलतो.

आणि व्हिएतनामचा बौद्ध धर्म म्हणजे केवळ पाण्याचे ठिबकणे, हे कोणी ठरवले? ११ जून १९६३ रोजी सायगावच्या भर चौकात भिक्षू थिच क्वांग डुक पद्मासनात बसले आणि दिएम राजवटीच्या बौद्धविरोधी दडपशाहीच्या निषेधार्थ त्यांनी स्वतःला जाळून घेतले. त्याच ऑगस्टमध्ये विहारांवर सरकारी धाडी पडल्या. त्याच दशकात थिच न्यात हान्ह यांच्या प्रेरणेने तरुण कार्यकर्ते बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झालेली खेडी पुन्हा उभारीत होते. त्यांतले काही मारले गेले. युद्धाविरुद्ध बोलल्याबद्दल थिच न्यात हान्ह यांच्या वाट्याला १९६६ पासून दीर्घ वनवास आला. २०१८ साली ते ह्युए येथील आपल्या मूळ विहारात परतले आणि २०२२ साली तेथेच वारले. ध्यानाला बसणे हे या माणसांच्या लेखी जगाकडे पाठ फिरवणे नव्हते.

महाराष्ट्रातील वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी. १९५६ साली नागपुरात लाखोंनी जो धम्म स्वीकारला, तो घरसजावटीसाठी नव्हता. बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना डॉ. आंबेडकरांनी भिक्षूच्या खासगी मालमत्तेची यादीच दिली आहे : तीन चीवरे, कंबरपट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके. एकूण आठ वस्तू. बौद्ध प्रेरणेचे शोरूम काढायचेच असेल, तर या आठ वस्तूंवर किती दिवस चालेल, याचा हिशेब मालकाने अवश्य करावा.

आता या दालनातल्या त्या मुलीकडे वळू, जिच्याकडे रचनाकाराची छायाचित्रे सहसा वळत नाहीत. बैठक गिऱ्हाइकासाठी आहे. ती भिंतीलगत उभी आहे. मौन गिऱ्हाइकासाठी ऐच्छिक आहे, तिला मात्र सक्तीचे. दुकानातली ही उभी शिक्षा एका देशापुरती नाही. आपल्याकडे केरळातील कापडदुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना नुसते बसण्यासाठी झगडावे लागले, तेव्हा कुठे २०१८ साली कायद्यात दुरुस्ती झाली. तमिळनाडूने तसा कायदा २०२१ साली केला. ज्या परंपरेत बसणे हीच साधना, तिच्या नावाने उभारलेल्या दालनात बसण्याची सोय पैसेवाल्यापुरती असावी, हे त्या मंद उजेडात कोणाला दिसत नाही काय?

फळीवरच्या वस्तूचेही तेच. लाखकामाच्या तबकाचा तो खोल काळा रंग झाडाच्या चिकाचा असतो. कच्च्या चिकाने कातडीवर फोड येतात. एकेक थर दमट हवेत वाळवून पाण्याखाली घासावा लागतो, आणि हे पुन्हा पुन्हा. हा घासणारा हात चिंतनशील दालनात कोठेही दाखवला जात नाही. त्याची मजुरी तर नाहीच नाही.

म्हणून नकाशा काढणाऱ्यांनी पहिली रेघ विक्रेतीच्या बाकाची काढावी. किंमत दाराशीच ठळक अक्षरांत लिहावी आणि तिच्याखाली कारागिराला त्यातले किती पोचले तो आकडा. हद्दपार केलेल्या थान तायला त्याची जमिनीलगतची जागा परत द्यावी. एवढे झाल्यावर कुंडात पाणी हवे तितके ठिबकू द्या.