स्वतःची सायकल फ्रेम स्वतः बनवायची? उल्हासनगर ते बदलापूर पट्ट्यात हे जमू शकतं का

उल्हासनगरच्या ‘मेड इन यूएसए’चा जोक आता जुना झाला. पण त्यामागची गोष्ट खरी आहे. या शहराला वस्तू बनवायची सवय आहे. शेजारी अंबरनाथ आणि बदलापूरला एमआयडीसी. मग घर ते स्टेशन चालवायची सायकल इथल्या पोरांनी स्वतः का बनवू नये?

कल्पना नवीन नाही. लंडनच्या बांबू बायसिकल क्लबच्या कोर्सला लोक शनिवार-रविवारी येतात आणि स्वतः बनवलेली फ्रेम घेऊन घरी जातात. आपल्याकडे पुण्यात हवाई दलातले निवृत्त अधिकारी शशिशेखर पाठक ‘बांबूची’ या नावाने हाताने बांबूच्या सायकली बनवतात.

स्टील सोडून बांबू का?

स्टीलच्या फ्रेममध्ये एका पाईपचं तोंड दुसऱ्याच्या गोलाईवर नीट बसेपर्यंत घासावं लागतं, मग वेल्डिंग किंवा ब्रेझिंग. उष्णता जास्त झाली तर पातळ पाईप कमजोर होतो. हात बसायला वेळ लागतो.

बांबूत आग लागत नाही. सुकवलेला बांबू मापात कापायचा आणि जिगमध्ये, म्हणजे सगळे भाग ठरलेल्या कोनात धरून ठेवणाऱ्या साच्यात, बसवायचा. पेडल, हँडल आणि मागचं चाक जिथे येतं तिथे धातूचे भाग. मग सांध्यांवर इपॉक्सीत भिजवलेले हेम्प किंवा कार्बन फायबरचे धागे घट्ट गुंडाळायचे. पुढचा फोर्क सहसा तयारच घेतात. इपॉक्सीने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे हवेतच.

आता बदललं काय?

२०१७ पर्यंत कायद्याच्या लेखी बांबू हे ‘झाड’ होतं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून काढला, त्यामुळे तो तोडणं आणि नेणं सोपं झालं. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बांबू उद्योग धोरणही मंजूर केलं. म्हणजे कच्च्या मालाची बाजू सुधारतेय. पण कोर्स उभा राहायला बांबूसोबत जिग, शिकवणारा माणूस आणि तपासणी लागते. अंबरनाथला सरकारी आयटीआय आहे. अशा वर्कशॉपमध्ये सुट्टीच्या दिवशी दोन जिग लावले, तर सुरुवात होऊ शकते.

फोन कामाला येतो

बाइककॅडची मोफत आवृत्ती ब्राउझरमध्ये चालते. उंची आणि हात-पायांची मापं घेऊन फ्रेमचा आराखडा काढता येतो. हँडलच्या नळीचा कोन बऱ्याच सायकलींत ७१ ते ७३ अंश असतो. एका अंशानेही सायकल वळण्याची पद्धत बदलते. फोनमधलं लेव्हल ॲप ढोबळ तपासणीला ठीक आहे, पण अंतिम माप जिगवरच घ्या.

खरा प्रश्न: तुटली तर?

कल्याण-बदलापूर रोडवर शेजारून ट्रक जात असताना पुढचा सांधा सुटला, तर ‘हाताने बनवली’ या कौतुकाचा काही उपयोग नाही. कारखान्यातल्या सायकलींसाठी आयएसओ ४२१० सारखी मानकं आहेत, त्यात फ्रेमवर पुन्हा पुन्हा भार टाकून बघतात. घरी बनवलेली फ्रेम त्यातून जात नाही. त्यात बदलापूरचा पाऊस! टोकं आणि पृष्ठभाग नीट सील केले नाहीत तर बांबू ओल धरतो, मग तडे जातात.

म्हणून कुठल्याही कोर्सला पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. बांबू किती सुकवलेला आहे? इपॉक्सी पूर्ण कडक व्हायला किती वेळ देता? आणि रस्त्यावर काढण्याआधी फ्रेम कशी तपासता?

हिशोब केला तर दुकानातली सायकल स्वस्त पडू शकते. कोर्समधून मिळते ती दुसरी गोष्ट: फ्रेमवर तडा दिसला, तर तो रंगाचा आहे की सांध्याचा, हे ओळखायची नजर. ती पुढच्या प्रत्येक सायकलला उपयोगी पडते.