दुर्बिणीचे स्क्रू मुलांच्या हातात द्या

शाळेत दुर्बीण आली की पहिली सूचना ठरलेली असते : "कुणी हात लावायचा नाही!" मीही तीच दिली होती. तिचं फळ धसईच्या मैदानावर सगळ्या गावासमोर मिळालं.

एका स्नेह्यांनी त्यांची वापरलेली सहा इंची, आरशाची दुर्बीण शाळेला दिली. कल्याणहून मुरबाडमार्गे टेम्पोत घालून आणली. रस्त्याचे हिसके तिनं किती खाल्ले असतील, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. त्याच रात्री पालकांना बोलावलं, गुरूवर नळी रोखली आणि भली मोठी रांग लागली. "सर, नुसता फुगलेला ठिपका हाय, एका बाजूला शेपूट." एक आजोबा डोळा लावून म्हणाले, "गुरुजी, त्यापेक्षा असाच बरा दिसतो की!" मी "आज हवा खराब आहे" असं ठोकून दिलं. पण सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मग पुस्तकातले चार चंद्र खोटे का?" ते मात्र लागलं.

हवा चांगली होती. बिघडला होता तो आरशांचा मेळ.

या दुर्बिणीत तळाला अंतर्वक्र मोठा आरसा असतो. तोंडाजवळ लहान सपाट आरसा ४५ अंशांत बसवलेला असतो, तो प्रकाश बाजूच्या नेत्रिकेकडे वळवतो. न्यूटननं १६६८ साली केली ती हीच रचना. दोन्ही आरसे एका रेषेत नसले, तर ताऱ्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटते. आरसा एक अंश कलला की परावर्तित किरण दोन अंश वळतो, म्हणून थोडासा हिसकाही पुरतो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलांनाच बसवलं. फोटो स्टुडिओतून जुनी रिळाची प्लॅस्टिक डबी आणली. तिचा तळ कापला, झाकणाला बरोबर मध्यभागी बारीक भोक पाडलं. नेत्रिका काढून तिथे ही डबी घातली. नळी आडवी ठेवली, नाहीतर हातातून सुटलेला स्क्रूड्रायव्हर थेट आरशावर जातो! तोंड उत्तरेला, म्हणजे सूर्याची भानगड नको. मोठ्या आरशाच्या मध्यावर ठिपका होताच. आधी लहान आरसा असा कलवायचा, की त्यात मोठ्या आरशाची सगळी कडा सारखी दिसेल. मग मागचे तीन स्क्रू फिरवून तो ठिपका भोकाच्या प्रतिबिंबाशी जुळवायचा. हे एकट्याचं काम नाही. डोळा एकीकडे, स्क्रू हातभर लांब. एक जण बघतो, दुसरा फिरवतो : "अजून... अजून... आरं थांब, उलटा फिरव!" परावर्तनाचे नियम मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलेत, पण पोरं त्यावर अशी भांडताना कधी पाहिली नव्हती.

माझं म्हणणं एवढंच, की आकाशदर्शनातला हा भाग दिवसा, वर्गात होतो. रात्री मुलींना कसं थांबवायचं, परवानगी कोण देणार, हे प्रश्नच इथे येत नाहीत. तरीही आपण आयत्या जुळवलेल्या दुर्बिणीपुढे मुलांना रांगेत उभं करतो आणि पाच सेकंद डोळा लावायला देतो.

"बिघडलं तर?" असं सहकारी विचारतात. बिघडेल, आणि परत जुळेल. स्क्रू हलक्या हातानं फिरवल्यानं आरसा फुटत नाही. खराब होतो तो धूळ दिसली की रुमालानं पुसल्यानं, किंवा पावसाळाभर दमट कपाटात ठेवल्यानं. चूक तर मोठमोठ्यांकडूनही होते. १९९० साली अवकाशात गेलेल्या हबलच्या आरशाला चुकीचा आकार मिळाला होता. कारण काय, तर तपासणीच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटरनं चुकीच्या जागी बसलं होतं. तिथे दुरुस्तीला डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर पाठवावे लागले. आपल्याला स्क्रूड्रायव्हर पुरतो.

रात्री ध्रुवतारा पकडला. तो जागचा फारसा हलत नाही, म्हणून तपासायला सोयीचा. जरा फोकस बिघडवला तर कडी एकात एक, मधोमध आली. मग गुरू. दोन पट्टे आणि एका ओळीत चार ठिपके. त्या सातवीतल्या मुलीनं ते वहीत काढले आणि दुसऱ्या रात्री जागा बदललेल्या पाहून पुन्हा काढले.

आता पाऊस ओसरला की ऑक्टोबरात मी मुद्दाम ते तीन स्क्रू थोडे हलवून ठेवतो आणि नव्या सातवीला बोलावतो. काही सहकाऱ्यांना हे अजून पटलेलं नाही.