गुन्ह्यावर बोलणारे पुष्कळ, अभ्यास करणारे किती?

जालना शहरात पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ३ इथेच आहे. तासा-सव्वा तासाच्या अंतरावर छत्रपती संभाजीनगरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, फॉरेन्सिक सायन्सची शासकीय संस्था आहे. म्हणजे गुन्हेगाराला पकडणारे, त्याच्यावर खटला चालवणारे, निकाल देणारे आणि रक्ताचा डाग तपासणारे असे सगळे आपल्या आसपासच तयार होतात. पण गुन्हा का घडतो, पकडले कोणाला जाते, जामीन कोणाला मिळत नाही आणि तुरुंगातून सुटलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे प्रश्न आयुष्यभराचे काम म्हणून हाती घेतलेला माणूस आपल्या मोहल्ल्यात कुणी पाहिला आहे का? मी तरी पाहिलेला नाही.

बारावी झालेल्या मावसबहिणीला मी क्रिमिनॉलॉजी हा विषय सुचवला, तेव्हा खालाजाननी लगेच विचारले, "वो पुलिसवालों का कोर्स है क्या?" त्यांचे विचारणे स्वाभाविक होते. गुन्हा म्हटले की आपल्याला पोलीस स्टेशन, वकील आणि जामीनदार एवढेच आठवते. क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, हा कायदा, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र यांच्या मधला विषय आहे. आपल्याकडे एलएलबी किंवा समाजशास्त्र करणाऱ्यांना त्याचा एखादा पेपर असतो आणि परीक्षा झाली की तो विसरला जातो. खालाजानचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता: यात नोकरी कुठली? माझे उत्तर असे की यातली एक नोकरी विद्यापीठात शिकवण्याची आणि संशोधनाची आहे. तिची वाट अरुंद आहे, तरीही आपल्यातल्या काही मुला-मुलींनी ती धरावी, असे मला ठामपणे वाटते.

याचे कारण असे, की कोण गुन्हेगार आहे हे फक्त न्यायालयात ठरत नाही. ते आधी कागदावर, अहवालात, आकड्यांत आणि वर्गात ठरते. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. पारधी, कैकाडी, भामटा यांच्याबरोबर मुंबई इलाख्यातल्या छप्परबंद या मुस्लिम जमातीवरही तोच शिक्का बसला. अधिकाऱ्यांनी केलेल्या नोंदी 'शास्त्रीय माहिती' म्हणून वापरल्या गेल्या. ऑगस्ट १९५२ मध्ये कायदा गेला, पण शिक्का अजून पुसला गेलेला नाही. पूर्वग्रहाला अभ्यासाचे रूप मिळाले की तो किती टिकतो, याचे हे आपल्याच मातीतले उदाहरण.

आजचे चित्र पाहा. कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांनी २०१९ मध्ये पोलिसांच्या स्थितीवर अहवाल काढला. त्यासाठी २१ राज्यांतल्या जवळपास बारा हजार पोलिसांशी बोलणे झाले होते. मुस्लिम माणूस स्वभावतःच गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता जास्त असते, असे त्यांतल्या सुमारे निम्म्यांना कमी-अधिक प्रमाणात वाटत होते. अशी बातमी वाचून आपण संतापतो, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करतो आणि संध्याकाळपर्यंत विसरतो. पण ही गोष्ट आपल्याला मोजून कळली, कारण कुणीतरी प्रश्नावली तयार केली, नमुना निवडला आणि आकडे मांडले. हे संशोधकाचे काम आहे.

महाराष्ट्रातले याहून जवळचे उदाहरण टाटा समाजविज्ञान संस्थेचे, म्हणजे 'टिस'चे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात मुस्लिम ११.५४ टक्के आहेत, जालना जिल्ह्यात सुमारे १४ टक्के. तुरुंगातले आपले प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त का, हा प्रश्न राज्य अल्पसंख्याक आयोगाने टिसला दिला. प्रा. विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी १५ तुरुंगांतल्या ३३९ मुस्लिम कैद्यांशी बोलून अभ्यास केला. त्यावरचा लेख २०१३ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. बहुतेक कैद्यांचा दहशतवादाशी किंवा संघटित टोळ्यांशी संबंध नव्हता. पुढे आली ती गरिबी, अर्धवट सुटलेली शाळा, वस्तीतली संगत आणि पोलिसांचा पूर्वग्रह. आपल्या वतीने शंभर सभांत जे बोलले गेले असेल, त्यापेक्षा या एका अभ्यासाचे वजन जास्त आहे, कारण त्यामागे पद्धत आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून माझ्या कामाकडूनही या विषयाकडे पाहतो. राज्य सरकारने २०२४ मध्ये पोलिसांच्या मदतीसाठी 'मार्व्हल' नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी कंपनी नागपुरात स्थापन केली. अशा यंत्रणेला आपण जी माहिती देतो, त्यावरच ती शिकते. आता एक साधी गोष्ट लक्षात घ्या. अटकेची आकडेवारी म्हणजे गुन्ह्यांची आकडेवारी नव्हे. पोलीस कुठे गेले आणि त्यांनी कोणाला धरले, याची ती नोंद असते. एका मोहल्ल्यात गस्त जास्त घातली तर तिथे अटका जास्त होतील. ते आकडे पाहून संगणक सांगेल की हा मोहल्ला धोक्याचा आहे, म्हणून गस्त आणखी वाढेल. अमेरिकेत 'प्रेडपोल' या प्रणालीबाबत हाच आक्षेप घेतला गेला. क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक या संशोधकांनी २०१६ मध्ये ओकलंड शहराच्या अमली पदार्थांच्या नोंदी घेऊन हे चक्र दाखवून दिले. लॉस एंजेलिस पोलिसांनी २०२० मध्ये प्रेडपोल वापरणे बंद केले. गंमत अशी की प्रेडपोल उभारणाऱ्यांतही विद्यापीठातले प्राध्यापकच होते. यंत्र बनवणारेही तिथलेच, त्यातली खोट दाखवणारेही तिथलेच. दोन्हीकडे आपले कुणी नसेल, तर आपण फक्त त्या यंत्रातले आकडे बनून राहू.

२००६ च्या मुंबई रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. त्यांतल्या पाच जणांना खालच्या न्यायालयाने फाशी सुनावली होती. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. निकालात एक मुद्दा साक्षीदारांच्या आठवणीचा होता. क्षणभर पाहिलेला चेहरा शंभराहून जास्त दिवसांनी किती नीट ओळखता येतो? या प्रश्नावर जगभर अनेक दशके संशोधन झाले आहे. आपल्याकडच्या ओळख परेडबाबत असे काम मराठीत किंवा उर्दूत शोधायला गेलात तर हाती फार काही लागणार नाही.

आता वाटेबद्दल. पदवी कोणतीही चालते. बीए, बीएसडब्ल्यू, एलएलबी, बीएस्सी, इतकेच काय इंजिनिअरिंगसुद्धा. टिसमध्ये समाजकार्याच्या एमएमध्ये गुन्हेगारीशास्त्र आणि न्याय हा विषय घेता येतो, त्यासाठी सीयूईटी-पीजी ही राष्ट्रीय परीक्षा असते. मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठात, मद्रास विद्यापीठात आणि धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातही हा विषय आहे. यूजीसी-नेटमध्ये क्रिमिनॉलॉजी हा स्वतंत्र विषय आहे. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के लागतात, ओबीसींना ५० टक्के. नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडे मिळते. कायम सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते.

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. गुन्हेगारीशास्त्राची पदे मोजकी आहेत, म्हणून समाजकार्य, कायदा किंवा समाजशास्त्र यांपैकी एक दरवाजा उघडा ठेवावा लागतो. महाराष्ट्रात अनेक नेट-सेट झालेले तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबतात. खुद्द टिसमध्ये जून २०२४ मध्ये शंभराहून जास्त कंत्राटी कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्याची पत्रे गेली होती, ती नंतर मागे घेतली गेली. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२ मध्ये बंद केली. मात्र ओबीसी दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर असलेल्या मुस्लिम विद्यार्थ्यांना 'महाज्योती'च्या पीएचडी फेलोशिपसाठी अर्ज करता येतो. मुस्लिम ओबीसींची चळवळ शब्बीर अन्सारींनी याच जालन्यातून उभी केली. त्या दाखल्याचा उपयोग फक्त निवडणुकीच्या तिकिटासाठी होऊ नये.

आणखी एक गोष्ट. हा विषय घेणाऱ्याने समाजाचा वकील बनून जाऊ नये. आपल्या वस्तीतल्या नशेच्या गोळ्या, घरात मार खाणाऱ्या बायका, कामाला जुंपलेली अल्पवयीन मुले, हेही त्याचेच प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे आपल्याला रुचतीलच असे नाही. पण जो स्वतःच्या घरातले आकडे प्रामाणिकपणे मांडतो, त्याचे पोलिसांविषयीचे आकडेही लोक मानतात. टिसच्या 'कोशिश' प्रकल्पाचे मोहम्मद तारिक यांचे काम यासाठी पाहावे. भीक मागणे हा गुन्हा मानणाऱ्या कायद्याविरुद्ध काम करणाऱ्या याच प्रकल्पाने बिहारमधल्या निवारागृहांचे सामाजिक अंकेक्षण केले आणि २०१८ मध्ये मुझफ्फरपूरमधल्या मुलींवरचे अत्याचार उजेडात आले. २०२० मध्ये मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. त्या मुली कोणत्या धर्माच्या, असे तिथे कुणी विचारले नाही.

आपल्या संस्था दरवर्षी डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्यांचा सत्कार करतात. माझाही झाला होता. आता जालन्यातल्या, अंबडमधल्या, भोकरदनमधल्या संघटनांनी मिळून एक छोटी गोष्ट करावी: दरवर्षी एका विद्यार्थ्याच्या किंवा विद्यार्थिनीच्या एमएचा आणि नेटच्या तयारीचा खर्च उचलावा. मुलगी असेल तर आधी. तिला दोन वर्षे मुंबईत किंवा सागरला राहू द्यावे, आणि लग्नाचा विषय तेवढे दिवस काढू नये. तिला प्राध्यापक व्हायला दहा वर्षे लागतील. त्यानंतर तिच्या वर्गात बसणारा मुलगा कदाचित पोलीस अधिकारी होईल, न्यायाधीश होईल, तुरुंग अधीक्षक होईल. आपल्याविषयी त्याला पहिल्यांदा कोण शिकवणार, हे ठरवण्याची वेळ आजची आहे.