ग्रहण कोठे दिसते?

ग्रहण लागले की दारे लावून मुलांस आत बसवून ठेवण्याचा परिपाठ पुष्कळ घरांतून अद्यापि चालू आहे. तो मोडावा असे आमचे स्पष्ट मत आहे. खग्रास ग्रहण काही वाटेल तेथे दिसत नाही. चंद्राची दाट छाया पृथ्वीवरील एका अरुंद पट्ट्यावरूनच धावते, आणि एकाच गावावर ती पुन्हा पडण्यास सरासरीने पावणेचारशे वर्षे लागतात.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी ती आपल्या कृष्णाकाठावरून गेली. त्या सकाळी लेफ्टनंट जॉन हर्शेल हे पटवर्धनांच्या जमखंडीस दुर्बीण लावून बसले होते. ढग आडवे येत असतांही त्यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यांत तेजस्वी रेषा दिसल्या, त्यावरून त्या ज्वाला तप्त वायूच्या असल्याचे कळले. (विजयदुर्गावरील लॉकियरसाहेबांचा कट्टा याच ग्रहणाचा म्हणून सांगतात, साहेब तेथे आले ते १८९८ च्या जानेवारीत.) सांगलीही त्याच पट्ट्यात होती. ज्यांनी दारे लावली, त्यांच्या डोक्यावरून ती काही मिनिटांची रात्र तशीच निघून गेली.

डोळ्यांची भीती मात्र खोटी नव्हे. प्रमाणित ग्रहणचष्म्यावाचून सूर्याकडे पाहू नये. काजळी धरलेली काच वा एक्स-रेची फिल्म उपयोगाची नाही. २ ऑगस्ट २०२७ रोजी छाया ईजिप्त व अरबस्तानावरून जाईल. सांगलीस दुपार कलल्यावर खंडग्रास तेवढे दिसेल, तेही पावसाळी ढगांनी वाट दिली तर. त्या दिवशी सोमवार आहे. ‘ग्रहण आहे, मुलास लवकर घरी पाठवावे’ अशा चिठ्ठ्या पालकांनी कृपा करून आम्हांकडे धाडू नयेत.