स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी उद्याने खुली व टेकड्या सुरक्षित ठेवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, पुणे

महोदय,

सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड या भागांत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आम्ही विद्यार्थी आहोत. आमचा दिवस अभ्यासिकेतल्या प्लायवूडच्या कप्प्यात जातो. समोर फळी, भरदुपारीही डोक्यावर ट्यूबलाइट. भरतीची जाहिरात लांबते, परीक्षा पुढे जाते, वय मात्र थांबत नाही. मग पुस्तक उघडे असते आणि तासभर पान उलटत नाही. झोप उडते, मेसचा डबा तसाच परत जातो. घरच्यांना हा आळस वाटतो. प्रत्यक्षात तो साचलेला शीण आहे आणि आणखी दोन तास बसून तो जात नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. जिमची फी आम्हाला परवडत नाही, शिवाय एका बंद खोलीतून उठून दुसऱ्या बंद खोलीत जाण्याने मन मोकळे होत नाही. पर्वतीच्या पायऱ्या चढून गेले की निदान लांबवरचे दिसते. दिवसभर हातभर अंतरावर पाहणाऱ्या डोळ्यांना तेवढेही पुष्कळ असते.

परंतु महापालिकेची बहुतांश उद्याने दुपारी बंद असतात आणि जेवणानंतरची आमची मोकळी वेळ नेमकी तीच. पेठांलगतची उद्याने तरी दुपारी उघडी ठेवावीत. पालिकेच्या अभ्यासिकांत सायंकाळी फिरायला उठलेल्याची जागा तासभर राखून ठेवण्याचा नियम करावा. उठलो तर जागा जाईल, या धास्तीने मुले हलतच नाहीत.

टेकड्यांवर लूटमारीच्या घटना घडल्याने अनेक मुली तळजई किंवा हनुमान टेकडीवर एकट्या जात नाहीत. पोलीस व वन विभागाशी समन्वय साधून पहाटे व सायंकाळी पायवाटांवर गस्त सुरू करावी. पायथ्याशी पिण्याचे पाणी आणि वापरण्याजोगे स्वच्छतागृह द्यावे. प्रखर दिवे, सिमेंटच्या वाटा, सेल्फी पॉइंट मात्र नकोत; सुशोभीकरणाच्या नावाखाली टेकडीचा बगीचा होऊ नये. वेताळ टेकडीवरून प्रस्तावित असलेल्या बालभारती–पौड फाटा रस्त्याचाही फेरविचार व्हावा, ही विनंती.

चर्चेसाठी आपल्या सोयीची वेळ मिळावी. उद्यान विभाग आणि वन विभाग या दोन्हींचे अधिकारी एकाच बैठकीस बोलवावेत; नाहीतर हद्द कोणाची यातच बैठक संपते.

आपले नम्र,
पेठांतील अभ्यासिकांचे विद्यार्थी व विद्यार्थिनी

प्रत माहितीसाठी : मा. पोलीस आयुक्त, पुणे शहर, मा. उपवनसंरक्षक, पुणे वन विभाग