गोळी चालू आहे ना?

"गोळी चालू आहे ना? मग झालं तर!" आईच्या हृदयात धातूची झडप बसवल्यापासून हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. अहो, नाही झालं!

रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन मुळात १९४८ साली उंदीर मारायला बाजारात आलं. माणसांना ते १९५४ पासून देतात. जास्त झालं तर मेंदूत रक्तस्राव, कमी पडलं तर झडपेवर गुठळी. मधली वाट चिंचोळी, आणि आपण तिच्यावर आहोत की नाही हे आयएनआरची रक्ततपासणीच सांगते.

ऑफिसात सर्व्हरची डिस्क नव्वद टक्के भरली की रात्री दोनला माझा फोन वाजतो. आणि आईचा आयएनआर? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "दिवाळीत केला होता बहुतेक." मे महिना चालू होता!

वर फुकटचे सल्लागार. म्हणे पालेभाजी बंद करा! बंद कशाला? आठवडाभर मेथी आणि मग महिनाभर काहीच नाही, हा खरा घोळ. रोज साधारण सारखी खा, त्यावर डोस बसवता येतो. जुलाबावर परस्पर आणलेली मेट्रोनिडाझोल मात्र कुणालाच खटकत नाही. तिने आयएनआर झपाट्याने चढू शकतो. "तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात की!" आल्यात, पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत.

तेव्हा मित्रहो, एक वही करा: तारीख, आयएनआर, डोस. डोस डॉक्टरच बदलतील. तारीख पाळणं आपल्या हातात आहे. रविवारी घरी फोन कराल तेव्हा "जेवलीस का?" नंतर एवढंच विचारा, शेवटचा आकडा किती आला?